स्वस्तातला ब्रेडमेकर घ्यावा का?

कर्वेनगरवासी · १४ मार्च, सकाळी ९:१०
मंडळी, नमस्कार. सल्ला हवाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरात आम्ही चौघं: सासू-सासरे, नवरा आणि मी. सकाळी सगळ्यांना ब्रेडच लागतो, आठवड्याला चार पुडे सहज संपतात. सासऱ्यांची साखर वाढल्यापासून मी ब्राउन ब्रेड आणायला लागले. पण पुड्यामागची यादी वाचली तर पहिलं नाव मैद्याचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे त्यात सगळ्यात जास्त मैदाच. रंग आलाय तो कॅरामलचा.

घरी करायचा तर मळणार कोण? सासूबाईंच्या बोटांचे सांधे दुखतात आणि मी आठला घर सोडते. ऑनलाइन साडेसहा हजारांच्या आसपास ब्रेडमेकर दिसतायत. नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा तर त्याच्या जवळजवळ तिप्पट. ओटीजी (भाजायचा विजेचा छोटा ओव्हन) नाही, आणि ओट्यावर एकाच वस्तूपुरती जागा आहे. स्वस्तातला टिकतो का? आपल्या गिरणीतल्या पिठाचा ब्रेड त्यात खरंच फुगतो का? ज्यांच्याकडे नेहमीच्या वापरात आहे त्यांनी कृपया लिहा.

लोकवन_गहू · १४ मार्च, सकाळी १०:०२
आमच्याकडे स्वस्तातलाच आहे आणि एक दिवसाआड चालतो. घ्या, पण मळायचं यंत्र म्हणून घ्या. भाजणं त्याला जमतं, पण बेताचंच.

आत काय असतं ते कळलं की किमतीचा उलगडा होतो. खाली मोटर, तिचा रबरी पट्टा, पट्ट्यावर फिरणारा दांडा, त्यावर बसणारं पातं, वर नॉनस्टिक डबा आणि डब्याभोवती ५००-६०० वॉटची कॉइल. बाकी सगळं वेळापत्रक: इतकी मिनिटं मळ, थांब, परत थोडं मळ, फुगू दे, भाज. साध्या ब्रेडला तीन ते साडेतीन तास, कणकेच्या ब्रेडला त्याहून थोडे जास्त. महाग यंत्रांत सुकामेवा आपोआप पडायची सोय असते, काही यंत्रं खोलीचं तापमान बघून वेळापत्रक बदलतात, डब्यावरचा थर जास्त टिकतो. मळण्यात मात्र मला मोठा फरक दिसलेला नाही. वीस मिनिटं सलग तिंबणं हे आपल्यापैकी बहुतेकांच्या हातांना झेपत नाही, आणि ब्रेडचं पीठ तेवढं तिंबल्याशिवाय जाळी धरत नाही. पैसे त्या वीस मिनिटांचे आहेत.

भाजण्यातली उणीव अशी की कॉइल खालच्या अंगाला असते, वरून आच लागत नाही. कडा आणि बूड खरपूस, माथा फिकट. शिवाय बुडाला पात्याचं भोक पडतं. शेवटचं मळणं संपल्यावर हाताला तेल लावून पातं काढून घेतलं की भोक अगदी लहान राहतं. ही वेळ पुस्तिकेतल्या तक्त्यात दिलेली असते.

पेठेतला · १४ मार्च, सकाळी १०:४०
मला यंत्राची गरज पटत नाही. कॅम्पात काय किंवा पेठांत काय, पुण्यात बेकऱ्यांची कमी नाही. आमच्या जवळची बेकरी आदल्या दिवशी सांगितलं तर पूर्ण गव्हाचा लोफ करून ठेवते, समोर कापूनही देते. यंत्र, यीस्ट, तराजू, सगळ्याचा व्याप कशाला? एक चांगला बेकर शोधा आणि त्याच्याकडून नियमित घ्या. छोट्या बेकऱ्या अशाच गिऱ्हाइकांवर जगतात.

कर्वेनगरवासी · १४ मार्च, सकाळी ११:१५
@पेठेतला, तसाही आणून पाहिलाय. चव सुरेख होती. पण लोफला सव्वाशे रुपये, आठवड्याला चार, म्हणजे महिन्याला दोन हजार. आणि आमच्या भागात वेळेत जाऊन आणणंही जमत नाही.

प्रयोगवही · १४ मार्च, दुपारी १२:३०
विकतच्या ब्रेडबद्दल भीती घालणारे मेसेज फिरत असतात, म्हणून नेमकं काय झालं होतं ते लिहून ठेवतो. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तिथल्या ब्रेड, पाव, बन, पिझ्झा वगैरेंचे ३८ नमुने तपासले. त्यातल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. ब्रोमेटमुळे ग्लूटेन (गव्हातलं चिवट प्रथिन, ज्याची जाळी ब्रेड फुगवते) घट्ट होतं, ब्रेड उंच फुगतो आणि पांढरा दिसतो. पण माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ते आहे. त्याच वर्षी जूनमध्ये एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने ब्रोमेटवर बंदी घातली.

त्यामुळे आज त्या धास्तीने यंत्र घेऊ नका. पीठ कुठलं, मीठ किती, साखर किती, हे आपल्या हातात हवं असेल तर घ्या. पुड्यातल्या ब्रेडमध्ये बुरशी लांबवायला कॅल्शियम प्रोपिओनेट असतं, ते परवानगी असलेलं आहे. घरच्या ब्रेडमध्ये ते नाही, म्हणून तो दोन दिवसांत संपवायचा. पुण्याच्या पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशीच बघून खा. उरला तर स्लाइस करून फ्रीझरमध्ये टाका. नुसत्या फ्रीजमध्ये ठेवू नका. त्या थंडाव्यात स्टार्च लवकर घट्ट होतो आणि बाहेर राहिला असता त्याहून आधी ब्रेड कोरडा पडतो.

आणि सासऱ्यांच्या साखरेचं: कणकेचा ब्रेड झाला तरी तो साखर वाढवतोच. तंतू जास्त मिळतात एवढंच. किती स्लाइस चालतील ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ओटीजीवाली · १४ मार्च, दुपारी १:०५
माझं मत वेगळं आहे. तेवढ्याच पैशांत मध्यम आकाराचा ओटीजी येतो. त्यात ब्रेड, लादी पाव, नानकटाई, केक, भाजलेल्या भाज्या सगळं होतं. ब्रेडमेकर एकाच आकाराचा ठोकळा देतो.

मळायचा प्रश्न असेल तर न मळताही ब्रेड होतो. शंभर ग्रॅम पिठाला पंचाहत्तर ग्रॅमच्या आसपास पाणी, चिमूटभर यीस्ट, मीठ, चमच्याने कालवायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. आठ-दहा तासांत ग्लूटेन आपोआप जुळतं. सकाळी घडी घालून साच्यात, फुगला की भाजायचा. बोटांना काही त्रास नाही. मी वर्षानुवर्षं असाच करते आणि माथ्यावर जो रंग येतो तो ब्रेडमेकरमध्ये कधीच येणार नाही.

लोकवन_गहू · १४ मार्च, दुपारी १:४०
@ओटीजीवाली, रंगाबद्दल शंभर टक्के मान्य. पण त्या आठला घराबाहेर पडतात. न मळलेल्या पिठाला सकाळी साच्यात घालायला, फुगलं का बघायला, ओव्हन तापवायला माणूस लागतं, आणि ते सासूबाईंवर येईल. यंत्रात रात्री सामान घालून झोपता येतं. विजेचंही बघा: १५०० वॉटचा ओटीजी तापवून पाऊण तास भाजायचं म्हणजे पाऊण ते एक युनिट. ब्रेडमेकर आख्ख्या लोफला अर्ध्या युनिटच्या आत राहतो, कारण पोकळी लहान आणि कॉइल डब्याला लागूनच.

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही अजून. कर्वेनगरवासी ताई, तुमच्याकडे पोळ्यांची कणीक रोज कोण मळतं?

कर्वेनगरवासी · १४ मार्च, दुपारी २:१०
सासूबाईच. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.

लोकवन_गहू · १४ मार्च, दुपारी २:२५
मग तुमच्या घरी या यंत्राचं खरं काम ते आहे. जवळपास सगळ्या यंत्रांत नुसतं मळायचा प्रोग्राम असतो. आधी पाणी, मग पीठ, मीठ, तेल. आठ-दहा मिनिटांत कणीक तयार, तिथेच बंद करायचं. पुढे चालू ठेवलं तर काही प्रोग्राममध्ये डबा कोमट व्हायला लागतो आणि कणीक सैल पडते. चौघांच्या पोळ्यांची कणीक एका वेळी आरामात होते. फार घट्ट मात्र मळायला लावू नका. पुऱ्यांच्या पिठाने मोटर तापते आणि पट्टा घसरतो. ब्रेड एक दिवसाआड, कणीक रोज: असं वापरलं तर साडेसहा हजार कुठे गेले हा प्रश्नच पडत नाही. सासूबाईंच्या बोटांना आराम मिळाला तर नुसत्या तेवढ्यासाठीही मी घेईन.

जात्यावरचं_पीठ · १४ मार्च, संध्याकाळी ५:२०
गिरणीच्या पिठाबद्दल विचारलंय, त्याचं उत्तर माझ्याकडून.

फुगतो, पण मैद्याएवढा कधीच नाही. कोंड्याचे कण ग्लूटेनची जाळी कापतात. शिवाय गिरणीच्या दगडाखाली स्टार्चचे कण चिरडले जातात, ते जास्त पाणी पितात. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेतली मापं आपल्या पिठाला लागू पडत नाहीत. ती बहुतेक परदेशातल्या जोरकस पिठासाठी लिहिलेली असतात. मैद्याला शंभराला साठ-बासष्ट पाणी पुरतं, आपल्या कणकेला पंचाहत्तर आणि कधी त्याहून थोडं जास्त लागतं.

गहू कुठला ते महत्त्वाचं. लोकवन चालतो. सिहोर, शरबतीही चालतात. खपलीचा आग्रह धरू नका. खपली पचायला हलकी म्हणून हल्ली पुण्यात बरीच खपते, पण तिचं ग्लूटेन दुबळं असतं, तिचा लोफ बसका आणि भुसभुशीत होतो. हवीच असेल तर लोकवनात पाव हिस्सा मिसळा.

मी ७५० ग्रॅमच्या लोफला हे प्रमाण धरते: लोकवनचं पीठ ४५० ग्रॅम, पाणी ३४० मिली, तेल २५ ग्रॅम, गूळ २० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, आणि जमलं तर ग्लूटेन पावडर २० ग्रॅम. ग्लूटेन पावडर नको असेल तर पहिले काही लोफ निम्मा मैदा घालून करा आणि हात बसेल तसा मैदा कमी करत न्या. मैदा घातलात तर पाणीही त्या मानाने कमी. सगळं वजनावर घ्या. वाटी-चमच्याने घेतलेलं पीठ दाबून भरलं की तीस-चाळीस ग्रॅमने सहज चुकतं, आणि एवढ्याने लोफ बसतो.

आणखी दोन गोष्टींनी फार फरक पडतो. पीठ आणि पाणी यंत्रात पाच मिनिटं फिरवून बंद करा, अर्धा तास तसंच राहू द्या, मग बाकीचं घालून प्रोग्राम लावा. कोंडा तेवढ्या वेळात भिजतो. आणि मळणं सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघाच. मैद्याचा गोळा डब्याच्या कडा सोडून फिरायला हवा. कणकेचा गोळा पुरणपोळीच्या कणकेसारखा सैल, किंचित चिकट असावा. कोरडा दिसला तर चमचाभर पाणी, पसरला तर चमचाभर पीठ. मळताना झाकण उघडलं तर काही बिघडत नाही. फुगताना आणि भाजताना मात्र उघडायचं नाही.

दुरुस्ती_घरपोच · १४ मार्च, रात्री ८:१५
घरगुती उपकरणं दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे टिकण्याबद्दल लिहितो.

या यंत्रात बिघडतं ते ठरलेलं. पट्टा सैल होतो किंवा तुटतो, डब्याच्या बुडाचं सील झिजून पाणी खाली उतरतं, थर्मल फ्यूज जातो, आणि पात्याखालचा नॉनस्टिक थर निघतो. पट्टा आणि फ्यूज ही किरकोळ कामं आहेत. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत त्याच रेटिंगचा थर्मल फ्यूज मिळतो. तो काढून नुसती वायर जोडून देणारा कोणी भेटला तर त्याच्याकडून यंत्र परत घ्या. तो फ्यूज आग लागू नये म्हणून असतो.

डबा आणि पातं यांना मात्र पर्याय नाही. प्रत्येक मॉडेलचा दांडा वेगळा, दुसऱ्याचा डबा बसत नाही. म्हणून घ्यायच्या आधी कंपनीला फोन करून एकच विचारा: या मॉडेलचा सुटा डबा आणि पातं भारतात मिळतं का, कितीला? उत्तर गुळमुळीत आलं तर ते यंत्र कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. डबा भिजत ठेवायचा तर आतून पाणी भरून ठेवा, बाहेरून बुडवू नका. सील त्यानेच जातं.

डब्याच्या आतल्या बाजूला उभा उंचवटा आहे का तेही बघा. गुळगुळीत गोल डब्यात पीठ पात्याबरोबर नुसतं गरगरतं, ताणलं जात नाही. या यंत्राच्या जन्मातच ही गोष्ट आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९८७ मध्ये घरगुती ब्रेडमेकर बाजारात आणला. आधीच्या नमुन्यांत ब्रेड वरून भाजला जायचा आणि आत कच्चा राहायचा. तेव्हा कंपनीतल्या इकुको तानाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे पीठ मळायला शिकल्या. तो पीठ ओढता ओढता पिळतो हे त्यांनी हेरलं, आणि ती क्रिया यंत्रात आणायला इंजिनिअरांनी आत उंचवटे बसवले.

सातासमुद्रापार · १५ मार्च, पहाटे ५:५०
अमेरिकेतून कोणी येतंय, तिथे वापरलेली यंत्रं फार स्वस्त मिळतात, असा विचार मनात असेल तर सोडा. तिथलं यंत्र १२० व्होल्टचं. इथे २३० वर चालवायला किमान हजार व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जड, आणि ओट्यावर दुसरी जागा अडवतो. वॉरंटी इथे चालत नाही ते वेगळंच. जपानची तर १०० व्होल्टची.

गव्हाविना · १५ मार्च, सकाळी ९:३०
हा धागा बघून लिहायचा धीर झाला. माझ्या मुलीला सीलिएक आहे, गहू अजिबात चालत नाही. बाहेरचा ग्लूटेनविरहित ब्रेड इतका महाग आहे की शाळेच्या डब्यात रोज देणं परवडत नाही, आणि साध्या बेकरीत केलेला ब्रेड चालत नाही कारण तिथली हवासुद्धा मैद्याने भरलेली असते.

मी मुद्दाम स्वस्तातला ब्रेडमेकर घेतला आणि त्यात गव्हाचा कणही कधी जाऊ दिला नाही. आमच्यासाठी महागडा घेण्यात अर्थच नव्हता, कारण या पिठाला तिंबायची गरज नसते. तांदूळ, ज्वारी आणि साबुदाण्याचं पीठ, अंडी, आणि बांधून ठेवायला इसबगोल. मिश्रण इडलीच्या पिठाहून घट्ट असतं. त्याला एकदाच फुगू द्यायचं, म्हणून यंत्रात ग्लूटेनविरहित प्रोग्राम आहे का ते बघून घ्यावं, नाहीतर मध्येच पातं फिरून फुगलेलं सगळं बसतं. वर्गातल्या इतर मुलांसारखं सँडविच डब्यात नेता यायला लागल्यावर माझी मुलगी किती खूश झाली ते मला शब्दांत सांगता येणार नाही. ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे त्यांनी दुसरा विचार करू नये, आणि एकच यंत्र गव्हासाठी आणि यासाठी वापरू नये.

कर्वेनगरवासी · १५ मार्च, सकाळी १०:०५
@गव्हाविना, मनापासून लिहिलंत, खूप आभार. तुमचं प्रमाण वेगळ्या धाग्यात द्याल का? माझ्या ऑफिसातल्या एकीच्या मुलालाही हाच त्रास आहे.

गव्हाविना · १५ मार्च, सकाळी १०:२०
आज रात्री नक्की टाकते.

वडगावची_वीज · १५ मार्च, सकाळी ११:००
टायमरबद्दल दोन सूचना. बुधवारी रात्री लावून गुरुवारी सकाळी ब्रेड हवा असेल तर महावितरणचा मेसेज बघून लावा, कारण आपल्याकडे देखभालीची कामं गुरुवारी निघतात. दहा मिनिटांपर्यंत वीज गेली तर पुढचं चालू ठेवणारी यंत्रं असतात. स्वस्तातल्या सगळ्यांत ती सोय असतेच असं नाही, खोक्यावर वाचून घ्या. ती नसेल तर वीज आल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि अर्धवट फुगलेलं पीठ वाया जातं.

दुसरं, उन्हाळ्यात रात्रीच्या टायमरवर दूध किंवा अंडं घालू नका. दुधाऐवजी दूध पावडर कोरडीच पिठात घाला. पाणी तळाला, वर पीठ, मीठ एका कोपऱ्यात, आणि यीस्ट अगदी वर पिठात खळगा करून, पाण्याला लागणार नाही असं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा अडतीस-चाळीसला जातो, तेव्हा यीस्ट पाव हिस्सा कमी. हाताशी राहून लगेच लावत असाल तर पाणी फ्रीजमधलं घ्या. नाहीतर माथा उंच चढून भाजताना खचतो.

आणि यंत्र भिंतीपासून लांब, ओट्याच्या कडेपासूनही लांब ठेवा. मळताना ते थरथरत सरकतं. खाली रबरी चटई घालावी. पहाटे चारला मळणं सुरू होणार असेल तर खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार करा.

बाणेरहून · १५ मार्च, दुपारी ३:१५
नवा कशाला? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जेमतेम वापरलेले ब्रेडमेकर नेहमी विकायला येतात, बहुतेक निम्म्या किमतीत. हौसेने घेतात, तराजू घेत नाहीत, लोफ बसतात, मग माळ्यावर.

दुरुस्ती_घरपोच · १५ मार्च, संध्याकाळी ६:४०
जुना घ्यायला हरकत नाही, पण विकणाऱ्याच्या घरी चालवून बघूनच घ्या. डबा बाहेर काढून त्यात पाणी भरा आणि कोरड्या कागदावर अर्धा तास ठेवा. कागद ओला झाला तर सील गेलंय. रिकाम्या डब्याचा खालचा दांडा हाताने फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग संपलंय. थर पात्याच्या घराभोवती निघालेला असेल तर सोडून द्या. मग पाव किलो पीठ घालून मळायला लावा आणि आवाज ऐका. पट्टा घसरत असेल तर मोटर फिरते पण पातं अडखळतं. शेवटी नुसता भाजायचा प्रोग्राम दहा मिनिटं. तापलं की झालं. सोबत पातं आणि पुस्तिका आहे का बघा. हरवलेल्या पात्यापायी बरीच यंत्रं माळ्यावर पडून आहेत.

कर्वेनगरवासी · १६ मार्च, रात्री ९:०५
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना पूर्ण धागा वाचून दाखवला. कणकेचं ऐकल्यावर त्या पहिल्यांदाच यंत्राला हो म्हणाल्या. सुट्या डब्यासाठी कंपन्यांना फोन केले, एकीने किंमत आणि पुण्यातल्या सेवा केंद्राचा पत्ता लगेच दिला, तेच मॉडेल पक्कं केलंय. जुनं मिळालं तर जुनं, नाहीतर नवं. तराजू मात्र उद्याच घेणार. ग्लूटेन पावडर पुण्यात कुठे मिळेल?

जात्यावरचं_पीठ · १६ मार्च, रात्री ९:३०
रविवार पेठेत बोहरी आळीत बेकिंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत विचारा. आणाल तेव्हा थोडीच आणा, उघडल्यावर ओल धरते.

नवशिका_बेकर · १८ मार्च, सकाळी ८:२०
उशिरा विचारतोय. इन्स्टंट यीस्टचा अर्धा किलोचा पुडा स्वस्त पडतो, पण संपेपर्यंत टिकतो का?

जात्यावरचं_पीठ · १८ मार्च, सकाळी ८:५५
टिकतो. घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीझरमध्ये. काढल्यावर कोरड्या चमच्याने घेऊन बरणी लगेच आत. शंका आली तर अर्धी वाटी कोमट पाणी, चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट. दहा मिनिटांत वर फेस आला तर वापरा, नाहीतर नवा आणा.